शिडीच्या भागाचे हसू

सोमवारपर्यंत हसू आणून द्यावे, असा हुकूम साहेबांनी मला दिला, तेव्हा त्यांचा स्वर समारंभासाठी खुर्च्या मागवणाऱ्या माणसाचा होता.

"किती लागेल?" मी विचारले.

"एका भागाला पुरेल इतकं. मोठं, मध्यम, बारीक, सगळं मिसळून. आणि हे बघा, सोमवारी हसू आलं नाही तर मंगळवारी तुम्ही येऊ नका. वरून तसं स्पष्ट सांगितलंय. आलं, तर तुमच्या कायम होण्याचं मी स्वतः बोलतो."

एका दूरचित्रवाणी वाहिनीच्या जतन विभागात मी नोकरी करतो. जतन विभाग म्हणजे तळघर. जुन्या कार्यक्रमांच्या फिती तिथे लोखंडी कपाटांत निजलेल्या असतात आणि त्यांना बुरशी लागू नये म्हणून माझी नेमणूक झालेली आहे. बुरशी तिथे माझ्या आधीपासून कायम आहे. मी हंगामी होतो.

वाहिनीने आपली सर्वांत गाजलेली विनोदी मालिका पुन्हा दाखवायचे ठरवले होते, आणि प्रारंभ अर्थातच शिडीच्या भागाने होणार होता. शिडीचा भाग ठाऊक नाही असे घर नाही. एका कारकुनाकडे त्याचे साहेब जेवायला यायचे असतात. चांगल्या बशा माळ्यावर ठेवलेल्या, म्हणून तो शेजाऱ्याची शिडी उसनी आणून वर चढतो आणि काही बशा खाली पाडतो. नेमका तेव्हाच शेजारी येऊन शिडी परत मागतो. कारकून इतका भिडस्त, की "न्या ना, न्या" म्हणतो आणि माळ्याची कड धरून लोंबकळत राहतो. एवढ्यात साहेब येतात. तो लोंबकळतच त्यांचे स्वागत करतो, हवापाण्याची चौकशी करतो. साहेब म्हणतात, "अहो, तुम्हीही बसा की!" त्यावर तो म्हणतो, "तुम्ही बसा, मी आहे असा बरा आहे." हे वाक्य लोक अजून दवाखान्यात, बसमध्ये, नातलगांच्या गर्दीत वापरतात आणि हसतात.

भागात मागून ऐकू येणारे प्रेक्षकांचे हसू मात्र मूळ चित्रणात नव्हते. ते त्या काळी वेगळ्या फितीवर ठेवलेले असे, आणि ती फीत बुरशीने खाल्ली. शेजारच्या फितींना, ज्यांवर शेतीची व शेअर बाजाराची माहिती होती, तिने स्पर्शही केला नव्हता. बुरशीच्या अभिरुचीविषयी माझा आदर त्या दिवशी दुणावला.

हसू गेल्यावर त्या भागाचे काय उरले, हे पाहणारा मी बहुधा एकटाच. तळघरात तो भाग मी हसण्याविना लावला आणि सुन्न झालो. कारकून एक वाक्य बोलतो आणि थांबतो. कुणीतरी हसेल म्हणून थांबतो. कुणीच हसत नाही. तो डोळे किंचित वर करून त्या रिकाम्या क्षणाकडे पाहतो आणि पुढचे वाक्य बोलतो. संबंध भागभर हेच: एक लोंबकळणारा माणूस, आणि प्रत्येक शब्दानंतर विहिरीत टाकलेल्या खड्यासारखी ती शांतता, तळ न सांगणारी. इतके थोर शोकनाट्य मी आजवर पाहिले नव्हते. मी डोळे पुसत वर गेलो आणि साहेबांना म्हणालो, "हे असंच दाखवूया."

साहेबांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी वरील हुकूम दिला.

"दुसऱ्या कार्यक्रमाचं हसू लावलं तर?" मी शेवटचा प्रयत्न केला.

"लावून पाहिलं. बाहुल्यांच्या कार्यक्रमाचं होतं. माणूस लोंबकळतोय आणि मागे पोरं किंचाळताहेत. घरातलं हसू हवं. साधं, घरगुती. तुम्ही राहता त्या इमारतीत माणसं आहेत ना? मग हसवा त्यांना."

नोकरी गेली तर काय होईल, हे मला पाठ होते. माझ्या मेहुण्याचे स्नानगृहाच्या सामानाचे प्रशस्त दुकान आहे. तिथे पांढऱ्या शुभ्र कमोडांच्या रांगेच्या टोकाला माझ्यासाठी एक खुर्ची गेली काही वर्षे रिकामी ठेवण्यात आली आहे. मेहुणा मनाने उदार आहे, हीच त्यातली भयंकर गोष्ट. "दाजी, तुमची खुर्ची रोज पुसून ठेवतो बरं का," असे तो दर रविवारी फोनवर सांगतो. आधुनिक कवितेत पदव्युत्तर पदवी घेतलेल्या माणसाने वॉश बेसिनच्या खोलीविषयी बोलत उर्वरित आयुष्य काढावे, ही कल्पना मला सहन होत नसे.

माझ्या बायकोने सगळे ऐकून घेतले. ती शाळेत गणित शिकवते. कोणत्याही संकटाकडे ती प्रथम ते सुटते की नाही एवढेच पाहते.

"म्हणजे लोकांना घरी बोलवायचं, भाग दाखवायचा, ते हसतील ते रेकॉर्ड करायचं. एवढंच ना?"

"एवढंच नाही गं. हसू ही अत्यंत नाजूक..."

"अहो, एवढंच आहे," ती म्हणाली. "फक्त तुम्ही मध्ये काही बोलू नका."

ती हसत नाही असे नव्हे. शाळेच्या मैत्रिणींशी फोनवर बोलताना स्वयंपाकघरातून तिचे हसणे ऐकू येते. मी दारात आलो की ते थांबते. मला वाईट वाटू नये म्हणून थांबते, हे मला कळते, आणि म्हणून अधिक वाईट वाटते.

पहिला अडसर ध्वनिमुद्रण यंत्राचा. ते कार्यालयाच्या भांडारात होते आणि भांडारपालांच्या मते यंत्र घरी नेण्याची कारणे दोनच: भाषण किंवा शोकसभा.

"मला हसू मुद्रित करायचं आहे," मी म्हणालो.

"तसं कारण नाही."

"पण हे कार्यालयाचंच काम आहे!"

"काम असेल हो. कारण नाही." त्यांनी माझा चेहरा निरखला. "शोकसभा लिहू का? तुमच्याकडे बघून कोणी शंका घेणार नाही."

यंत्र जड होते, म्हणून कार्यालयाच्या गाडीने घरी पाठवण्यात आले. चालकाने आमच्या फाटकाशी गाडी उभी करून मोठ्याने विचारले, "शोकसभा कोणत्या घरात आहे?" मी त्या वेळी खुर्च्या गोळा करत वरच्या मजल्यावर होतो. त्या एका प्रश्नाने पुढे काय केले, ते यथावकाश येईलच.

शेजाऱ्यांना आमंत्रणे तर आधीच गेली होती, आणि आमंत्रण म्हटले की सल्ला आला. इमारतीचे सेक्रेटरी मला कविराज म्हणतात. त्यात आदर किती आणि कीव किती, याचे प्रमाण मी अजून काढू शकलेलो नाही.

"कविराज, नोटीस काढू का? 'सर्व सभासदांनी हसण्यास वेळेवर उपस्थित राहावे.' कोरम झाला नाही तर अर्ध्या तासानं त्याच जागी पुन्हा हसू. मग कोरमचं बंधन नाही."

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. ते गंभीरपणे म्हणाले, "माझ्याकडे हसवायचा वायू आहे. नळी लावली की दोन मिनिटांत काम होतं. पण नंतर मला प्रत्येकाचा एकेक दात काढावा लागेल, नाहीतर वायूचा हिशेब लागत नाही."

शेजारच्या मावशींनी हात जोडले. "मला नको बोलावूस रे बाबा. मला हसलं की रडू येतं, आणि रडू आलं की थांबत नाही." मी त्यांना आग्रहाने बोलावले. अश्रूंच्या काठावरचे हसू मला हवेच होते.

रविवारी सायंकाळी मी दार उघडले आणि थबकलो. दारात सेक्रेटरी, डॉक्टर, मावशी आणि त्यांच्या मागे इमारतीतील दहाबारा माणसे, खाली माना घालून उभी. सेक्रेटरींनी माझे दोन्ही हात हातांत घेतले.

"कविराज, धीर सोडू नका. कोण होते?"

"कोण कोण होते?"

"गेले ते."

मावशींनी एव्हाना माझ्या बायकोला मिठी मारून हुंदके देण्यास प्रारंभ केला होता. बायको त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होती. ती नजर मी परीक्षेत नापास होणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवलेली समजत असे.

कोणीही गेलेले नाही, हे पटवून द्यायला बराच वेळ लागला, आणि पटल्यावर सर्वांच्या चेहऱ्यावर जो भाव आला त्याला मी दिलासा म्हणू शकत नाही. माणूस दुःखाची तयारी करून येतो, आणि त्याला ऐनवेळी ते नाकारले जाते, तेव्हा त्याची फसवणूक झालेली असते. "मग मी पेशंट परत पाठवला तो कशासाठी?" डॉक्टर म्हणाले. कोणीतरी आणलेली फुले टेबलावर ठेवायची की परत न्यायची, यावर थोडी कुजबुज झाली. शेवटी ती टीव्हीसमोर ठेवण्यात आली. त्यामुळे टीव्हीच गेल्यासारखा वाटू लागला.

अशा वातावरणात कोणी हसणार नाही हे मला दिसत होते. आणि मग मी ते केले, जे करू नका असे बायकोने मला बजावले होते. मी यंत्र सुरू केले, टीव्हीशेजारी उभा राहिलो आणि बोलू लागलो.

माझा हेतू शुद्ध होता. हा भाग विनोदी का आहे, हे लोकांना नीट समजले तर ते मन लावून हसतील, असा माझा विश्वास होता.

"मित्रहो," मी म्हणालो, "हसू म्हणजे काय? हसू म्हणजे दुःखाने दिलेली जांभई. आज आपण एका लोंबकळणाऱ्या माणसाला पाहणार आहोत. पण लोंबकळत कोण नाही? डॉक्टर लोंबकळत आहेत. मावशी लोंबकळत आहेत. सेक्रेटरी तर किती वर्षे लोंबकळत आहेत, आणि त्यांना कोणी शिडी देत नाही."

सेक्रेटरींनी डॉक्टरांकडे पाहिले.

"तेव्हा हसताना कृपया सहजपणे हसावे. पहिले हसू दुसऱ्या वाक्यानंतर, पोटातून, परंतु अस्तित्वाचे भान ठेवून. बशा पडतात तिथे मोठ्याने हसावे, मात्र त्या हसण्यात फुटलेल्या बशीविषयीची करुणा असावी. पंखा बंद करतो, कारण पंख्याच्या आवाजात विषाद विरघळून जातो. खिडक्याही लावल्या आहेत. श्वास शक्यतो विनोदांच्या मधल्या वेळेत घ्यावा."

"अरे देवा," मावशी म्हणाल्या.

मी भाग लावला. बंद खोलीत, घामाने निथळत, परस्परांवर नजर ठेवत, माझ्या शेजाऱ्यांनी तो पाहिला. कारकून बोलला आणि थांबला. कोणी हसले नाही. तो पुन्हा बोलला, पुन्हा थांबला. प्रत्येकजण दुसऱ्याने प्रारंभ करावा म्हणून वाट पाहत होता, आणि वाट पाहण्याच्या त्या ताणाने चेहरे शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेरच्या बाकावरचे झाले होते. बशा पडल्या. "चांगल्या होत्या हो," मावशी पुटपुटल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मग शेजारी शिडी मागायला आला.

"बरोबर आहे त्याचं," सेक्रेटरी एकदम मोठ्याने म्हणाले. "स्वतःची शिडी परत मागितली. यात हसण्यासारखं काय आहे? आपल्या सोसायटीची शिडी दोन वर्षं कुणाकडे आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

"माझ्याकडे आहे," डॉक्टर उठून उभे राहिले, "कारण माझं छत गळतं! आणि छत का गळतं? सेक्रेटरी पत्राला उत्तर देत नाहीत म्हणून!"

"आधी शिडी आणा, मग छताचं बोला!"

"शिडीशिवाय छत बघणार कसं? लोंबकळून?"

टीव्हीवरचा कारकून खरोखरच लोंबकळत होता, पण त्याच्याकडे आता कोणाचेच लक्ष नव्हते. मी मधे पडून म्हणालो की हा संघर्षसुद्धा मूलतः एकाकीपणातूनच येतो. त्यावर दोघेही माझ्यावर ओरडले. शेवटी शिडी कोणा तिऱ्हाइताकडे ठेवावी असा तोडगा निघाला. डॉक्टरांनी ती तावातावाने खाली आणली आणि आमच्या बैठकीच्या खोलीत आडवी टाकली. खोलीच्या दोन भिंतींमध्ये ती नेमकी बसली. ओलांडल्याशिवाय स्वयंपाकघरात जाता येईना. मंडळी फुले घेऊन गेली.

मी यंत्र बंद केले. त्यात काय होते, हे ऐकायची गरज नव्हती. एकही हसू नव्हते. फोन वाजला. रविवार होता.

"दाजी," मेहुणा म्हणाला, "खुर्चीला नवी गादी घातली बरं का."

सोमवारी मी यंत्र रिक्षात घालून कार्यालयात नेले. बायको दाराशी म्हणाली, "जे आहे ते त्यांना ऐकवा. लपवू नका." मग थोडे थांबून, "दुकानात तसं शांत असतं हो. वाचायला वेळ मिळेल." माझे मन राखण्यासाठी ती खोटे बोलली, ही त्या सबंध प्रकरणातली मला सर्वांत जड गेलेली गोष्ट.

साहेबांच्या खोलीत भागाला हसू जोडणारे ध्वनिमुद्रकही बसले होते. मी न बोलता यंत्र सुरू केले आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. बाहेर वाहनतळावर एक माणूस आपली गाडी कुठे लावली ते शोधत फिरत होता. आत माझा आवाज आला. "मित्रहो, हसू म्हणजे काय?"

स्वतःचा आवाज बाहेरून ऐकणे ही एक लहानशी अंत्ययात्राच असते. मी ऐकत राहिलो. 'दुःखाने दिलेली जांभई' पाशी ध्वनिमुद्रक खोकले असे मला वाटले. 'मावशी लोंबकळत आहेत' येथे तो खोकला नव्हता हे स्पष्ट झाले. 'श्वास मधल्या वेळेत घ्यावा' या वाक्याला साहेब टेबलावर आडवे झाले. मी वळून पाहिले. माझ्या आयुष्यातील सर्वांत प्रामाणिक विधाने एकामागून एक खोलीत येत होती आणि दोन प्रौढ माणसे त्यांच्यापुढे रडकुंडीला येऊन हसत होती. आवाज ऐकून लेखा विभागातली माणसे दारात जमली. "पुन्हा लावा, पुन्हा!" कोणी तरी ओरडले. ध्वनिमुद्रक हसता हसता उठले, खिशातून आपले छोटे ध्वनिमुद्रण यंत्र काढून त्यांनी ते चालू करून टेबलावर ठेवले आणि मला खुणेने सांगितले: पुन्हा पहिल्यापासून.

मग शिडीचे भांडण आले. खोलीत उभे राहायला जागा उरली नव्हती. नेमक्या त्याच वेळी गर्दीतून वाट काढत भांडारपाल आत आले.

"झाली का शोकसभा?" त्यांनी विचारले. "यंत्र द्या. मुदत संपली."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. साहेबांनी माझ्यापुढे खुर्ची सरकवली. "अहो, तुम्ही जरा बसा. त्यांना नेऊ द्या."

"न्या ना, न्या," मी भांडारपालांना म्हणालो. खुर्चीकडे पाहून मला कमोडांच्या टोकाची ती दुसरी खुर्ची आठवली, आणि मी भिडेने साहेबांना म्हणालो, "तुम्ही बसा, मी आहे असा बरा आहे."

क्षणभर काहीच झाले नाही. मग ती खोली फुटली. मी कोणाची ओळ म्हटली हे मला नंतर उमगले. तेव्हा फक्त एवढेच जाणवले, की छाती दुखते आहे आणि घशातून काहीतरी खरखरत वर येते आहे. चारचौघांत रडू नये म्हणून मी रुमालात तोंड खुपसले आणि भिंतीकडे वळलो. माझे खांदे बराच वेळ हलत होते.

तेच हसू शिडीच्या भागाला लागले. मोठे, मध्यम, बारीक, सगळे मिसळून. साहेबांनी शब्द पाळला. मी आता बुरशीइतकाच कायम आहे.

भाग दाखवला गेला त्या सायंकाळी मंडळी पुन्हा आमच्याकडे जमली. आमंत्रण कोणी दिले नव्हते. शिडी आमच्याकडे होती, तेव्हा आमचे घर आता सामायिक मालमत्ता झाले होते. सेक्रेटरी आणि डॉक्टर त्याच शिडीवर शेजारी शेजारी बसले. बायको मावशींजवळ कोचावर बसली होती. पंखा चालू होता, खिडक्या उघड्या होत्या. मी दारात उभा राहिलो.

कारकून बोलला, थांबला, आणि त्या थांबण्यात हसू आले. लगेच आमची खोलीही हसली. आदल्या वेळी अश्रू ढाळणाऱ्या मावशी बशा पडताच टाळ्या पिटू लागल्या. पण मला ती शांतता अजून ऐकू येत होती, आणि तिच्यात भरलेले प्रत्येक हसू मूळचे कशाला आले होते, हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होते. कारकून दार उघडतो: जांभई. कारकून शिडी चढतो: अस्तित्वाचे भान. घराघरांत लोक माझ्या दुःखाला हसत होते आणि त्यांना वाटत होते की ते बशांना हसत आहेत. मी ओठांतल्या ओठांत माझे भाषण म्हणत होतो.

"तुम्ही बसा, मी आहे असा बरा आहे," पडद्यावरचा माणूस म्हणाला.

सगळ्यांत मोठे हसू उसळले आणि ओसरले. ओसरल्यावर, सगळ्यांचे संपल्यावर, मागून एक हसू एकटेच आले. कोरडे, अडखळते, बरीच वर्षे न उघडलेल्या दारासारखे.

बायको हसता हसता थांबली. तिने मान वळवली.

"हे तुम्ही आहात."

"छे. मी तेव्हा रडत होतो."

"हे तुम्हीच आहात," ती म्हणाली. "लग्नाआधी बसच्या रांगेत माझी छत्री उलटी झाली होती ना, तेव्हा सगळी रांग हसली. तुम्ही त्यांच्यामागून हसलात. अस्संच. उशिरा." ती पुन्हा टीव्हीकडे पाहू लागली. "मला वाटलं, ते गेलं कुठेतरी."

"अहो वहिनी, ऐकू द्या की," सेक्रेटरी शिडीवरून म्हणाले.

ती कोचावर थोडी सरकली. मावशींनाही तिने सरकवले. जागा फारशी झाली नाही, पण झाली.

"बसा ना," ती म्हणाली.

ते वाक्य माझ्या ओठांपर्यंत आले होते. मी शिडी ओलांडली आणि बसलो.